गेटवरचा मान

धुळे
२० नोव्हेंबर २०२३

नाना,

पाया पडतो. परवा फोन केला तेव्हा विचारलं, मळ्यातल्या बोअरला पाणी कसं आहे, तू म्हणालास, "बरी शे, शेतात गयी." म्हणजे तू वहिनींची खबर दिलीस. एसटी डेपोतल्या इंजिनांनी तुझे कान खाल्ले आणि मला पत्रं लिहायला लावलं. आता जे असेल ते कागदावर. पिंपळनेरच्या गाडीवर नवल कंडक्टर आहेच. तुझ्या हाताखाली उमेदवारी केलेला, तो पोस्टाहून लवकर पोचवील.

तर, मळ्यातल्या माझ्या वाट्याच्या तुकड्यावर घर बांधायचं ठरवलंय. साधं घर नाही, फार्म हाउस. आता हसू नकोस. खरं कारण फक्त तुला सांगतो. जळगावला पाइप कंपनीच्या मंडळींबरोबर जेवायला बसलो होतो. एकाचं फार्म हाउस पालकडे, एकाचं तोरणमाळच्या पायथ्याशी. मला विचारलं, "शेठ, तुमचं कुठे?" मी म्हणालो, "पिंपळनेरकडे, काम चालू आहे." काम कुठलं? तिथे तुझी म्हैस बांधलेली. पण तोंडातून गेलं ते गेलं. सायकलला पान्हे बांधून गावोगाव पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत फिरलो, तेव्हा कधी लाज वाटली नाही. त्या टेबलावर मात्र वाटली, हे कबूल करतो.

मिस्त्री जळगावातल्या मेहरूणचा आहे, गनी. माणूस तोंडाळ, पण हात सरळ. तू रोज एक चक्कर मारशील ना? तुझ्याशिवाय माझा तिथे कोणावर भरोसा नाही.

प्रेमराज

⁂

पिंपळनेर
४ डिसेंबर २०२३

प्रेमराज,

सुखी राहा. म्हैस हलवली. तिने दोन दिवस दूध चोरलं, आता ठीक.

गनी मिस्त्री आला. आखणी करताना नकाशा बघून मला म्हणाला, "चाचा, इतनी खिडकियाँ? शेठ को घर बांधना है या पिंजरा?" मी ओरडून बोलतो आणि तो हातवारे करून बोलतो, त्यामुळे आमचं चांगलं जमतं. पाया खोल घेतलाय, काळ्या मातीत घ्यावाच लागतो. मुरूम लागेपर्यंत मी वर येऊ दिलं नाही.

प्रमिला म्हणते, मागच्या बाजूला एक मोठी चूल ठेवा, चार माणसं आली तर बरं पडतं. मी म्हटलं, त्यांच्याकडे गॅस असेल. ती म्हणाली, "आमले काय कळस." म्हणजे तिला कळतं, असा अर्थ घे.

पुढच्या बाजूला तू मोठं लोखंडी गेट दाखवलंयस. शेतात गेट कशाला, असं गाव विचारतं. मी सांगतो, माझा भाऊ मोठा माणूस झाला आहे.

तुझा नाना

⁂

धुळे
१८ एप्रिल २०२४

नाना,

स्लॅबचे फोटो नवलच्या मोबाइलवर पाहिले. स्लॅबवर पाणी मारताना तू दिसतोस, डोक्याला टॉवेल, हातात पाइप. दुकानातल्या पोरांना दाखवला, म्हटलं, बघा आमचे नाना. आम्ही शोरूममध्ये पंख्याखाली आणि ते उन्हात.

आता एक मनातली गोष्ट. आपली कुळाची देवी, कानबाई, दरवर्षी नारळाच्या रूपाने तुझ्या घरात बसते. बाबांच्या वेळेपासून तिथेच. पण भाऊकी वाढली, ओसरीत पाय ठेवायला जागा उरत नाही, बायका अंगणात बसून पोळ्या लाटतात. यंदा नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला नव्या घरात बसवू या. मोठा हॉल, वर पंखे, समोर गाड्यांना जागा. वास्तुशांतीही त्याच दिवशी उरकून घेऊ. जळगावच्या मंडळींनाही बोलावतो, त्यांच्यासाठी जेवण वेगळं मागवीन. रोटाचं, देवीच्या नैवेद्याचं, अन्न भाऊकीबाहेर जात नाही, हे मी विसरलेलो नाही.

वहिनींना विचार. रोटासाठी घरच्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू त्याच घेतात. माझं नाव आलं की धुळ्याचा म्हणून चिडवतात, "धुयानं पोट, मूठ मोठी पाहिजे." ते मला नव्या घरातही ऐकायचं आहे.

प्रेमराज

⁂

पिंपळनेर
२९ एप्रिल २०२४

प्रेमराज,

सुखी राहा. कानबाईचं ठीक आहे. घर तुझं काय, माझं काय. प्रमिलाला सांगितलं. ती भांडी घासायला निघून गेली. भांडी आधीच घासलेली होती. पण नको म्हणाली नाही, तेव्हा हो समज.

फरश्या आल्या. इतक्या गुळगुळीत की गनी म्हणतो, "चाचा, इस पे आदमी चलेगा कि फिसलेगा?" मागची चूल झाली नाही. गनी म्हणाला, नकाशात नाही. पत्र्याचं शेड आहे, त्यात तात्पुरती मांडू.

तुझा नाना

⁂

धुळे
१४ ऑगस्ट २०२४

नाना,

कार्यक्रम उत्तम झाला. जळगावची मंडळी अजून फोन करून नाव काढतायत. हितेंद्रभाई, ते चष्मेवाले, म्हणाले, "शेठ, लोकेशन भारी आहे."

तू गेट सांभाळलंस म्हणून मी आत मोकळा राहिलो. पावसात भिजलास, अंग दुखत असेल. वहिनींना शेडमध्ये स्वयंपाक करावा लागला, त्याचं वाईट वाटतं. धुराने हॉलचं छत काळं पडेल, असं तुझ्या भावजयीचं, कामिनीचं, म्हणणं पडलं. छत नवीन आहे, दुसरं काही नाही. वहिनींना सांग, पुरण फार छान झालं होतं.

मंडळी पुढे जेवत होती, त्यामुळे भाऊकीची पंगत बसायला फार उशीर झाला. कोणी काही बोललं का? तुझ्या कानावर काही आलं असेल तर मला कळव.

विसर्जनाला थांबता आलं नाही, सोमवारी दुकान होतं.

प्रेमराज

⁂

पिंपळनेर
२२ ऑगस्ट २०२४

प्रेमराज,

सुखी राहा. माझ्या कानावर काय येणार? माझ्या कानावर काहीच येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

कोणी काही बोललं नाही. उलट गाव तुझं नाव काढतं. मी तर सगळ्यांना सांगतो, भाऊ असावा तर असा. इतके मोठे लोक आले, गाड्यांची रांग लागली, आणि त्या सगळ्यांचं स्वागत करायला तू कोणाला उभं केलंस? मला. आत पंख्याखाली तुझे व्याही होते, चांगले कपडे घातलेली माणसं होती; पण दारात वडील माणूस पाहिजे, हे तुला कळलं. आपले बाबा असेच लग्नात दारात उभे राहायचे.

तुला एक गंमत सांगतो. त्या चष्मेवाल्याने काचेतून किल्लीच माझ्या हातात दिली. काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही, मी हात जोडले. तो हसला, माझ्या खांद्यावर थाप मारून आत गेला. एवढी महागाची गाडी कोणी परक्याच्या हाती देतं का? तू त्याला सांगितलेलं दिसतं, की हा माझा मोठा भाऊ धनसिंग, जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेला. मी ती गाडी निंबाखाली अशी लावली की एक फांदी लागू दिली नाही. मग बाकीच्यांनीही किल्ल्या दिल्या. मी सगळ्या लावल्या.

ओट्यावर मी हे सांगितलं तेव्हा सगळे गप्प ऐकत होते.

प्रमिला बरी आहे. हल्ली जरा कमी बोलते. मला ती किती बोलते ते तसंही कळत नाही.

तुझा नाना

⁂

पिंपळनेर
१ सप्टेंबर

प्रेमराजभाऊ,

मी पत्र लिहिते आहे हे ह्यांना ठाऊक नाही. सुनेकडून, पुनमकडून, पाकीट मागून घेतलं. माझं लिहिणं सातवीपर्यंतचं, समजून घ्या.

कानबाईच्या दिवशी मी घागर घेऊन पोर्चच्या बाजूने शेडकडे चालले होते. तुम्ही आणि तो चष्मेवाला उभे होते. त्याने विचारलं, "गेटवरचे ते म्हातारे कोण? गाडी काय छान लावली." तुम्ही म्हणालात, "ते इथलं बघतात, बंगल्याचं." मग जरा थांबून म्हणालात, "ऐकू येत नाही, पण माणूस इमानी आहे."

मी तुमच्या मागेच होते. तुमचे कान एवढे तिखट, दुकानात कोपऱ्यातलं गिऱ्हाईक काय कुजबुजतं ते तुम्हाला ऐकू येतं असं तुम्हीच सांगता. माझी पावलं कशी ऐकू आली नाहीत?

ह्यांना मी सांगितलं नाही आणि सांगणार नाही. ते रोज कोणाला तरी ती किल्लीची गोष्ट सांगतात. परवा गिरणीत सांगितली. मी पिठाचा डबा घेऊन शेजारी उभी होते. मान हलवली.

तुम्हीही सांगू नका. माफी मागायला येऊ नका. आलात तर ते विचारतील, कशाची माफी. मग काय सांगाल?

कामिनीला आशीर्वाद.

प्रमिला

⁂

धुळे
१५ सप्टेंबर २०२४

वहिनी,

तुमच्या पत्राला उत्तर लिहायला बसतो आणि उठतो. बोलण्यावर पोट भरणारा माणूस मी. बंद पडलेली मोटार चालू आहे असं दाखवून विकणारे या बाजारात पुष्कळ भेटले, मी तसं केलं नाही, याचा मला गर्व होता.

तो शब्द माझ्या तोंडून कसा गेला, हे मला सांगता येणार नाही असं आधी लिहिलं होतं. ते खोडतो. सांगता येतं. नानाच्या धोतराला चिखल लागला होता. मी त्या माणसाच्या बुटांकडे पाहिलं, मग त्या चिखलाकडे, आणि बोललो. एवढंच झालं. कोणी मला भाग पाडलं नव्हतं.

तुम्ही म्हणता तसं करतो. गप्प राहतो. कामिनीलाही सांगितलेलं नाही.

नानाचं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. दुकानात कोणी "शेठ" म्हणालं तरी मला वर बघवत नाही.

प्रेमराज

⁂

पिंपळनेर
२२ जून २०२५

प्रेमराज,

सुखी राहा. तू दिवाळीत आला नाहीस, संक्रांतीत आला नाहीस. बंगल्याला कुलूप असतं. मी आठवड्याला उघडून झाडून घेतो, पाली फार झाल्या आहेत.

पुनमला मुलगा झाला, ते तुला कळवलं होतं. यंदा कानबाईला त्याच्या नावाची पहिली मूठ. आता त्यावरूनच घरात वाजलं आहे. प्रमिला म्हणते, नातवाची पहिली मूठ आपल्या घरात घ्यायची, कानबाई यंदा इथेच बसवायची. मी म्हटलं, असं कसं? गेल्या वर्षी तिकडे बसली, भावाने एवढा मान दिला, यंदा इकडे आणली तर लोक म्हणतील भावाभावात बिनसलं. ती म्हणाली, "लोके काहीबी म्हनोत." मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकू आलं, पण ऐकलं नाही. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. ती अशी नाही रे. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं ते एका नारळासाठी. देवीचा नारळ असला तरी काय झालं, घर बदललं तर ती रागावते थोडीच?

तेव्हा कानबाई यंदाही तुझ्याकडेच. मी शिंप्याकडे पांढरा नेहरू शर्ट टाकला आहे, टोपीही नवी घेतली. धोतर मात्र जुनंच, पण नीळ घालून. तुझ्या मंडळींना बोलाव. त्या चष्मेवाल्याला नक्की बोलाव. मी गेटवर असेन.

तुझा नाना

⁂

धुळे
१० जुलै २०२५

नाना,

हे पत्र वाचायच्या आधी बसून घे.

कानबाई तुझ्या घरात बसव. नातवाची मूठ तिथेच घे. वहिनी म्हणतात तेच बरोबर आहे, आणि तू त्यांना नाही म्हणालास ते माझ्यामुळे. माझ्यामुळे म्हणजे एका खोट्यामुळे. ते तसंच राहू दिलं तर यंदा पुन्हा तू गेटवर उभा राहशील आणि वहिनी पुन्हा शेडमध्ये धुरात बसतील. तेवढं मला सोसवणार नाही.

मी तुला मानाने गेटवर उभं केलं नव्हतं. तुला ऐकू येत नाही म्हणून तू मोठ्याने बोलतोस. सकाळी हॉलमध्ये तू मला हाक मारलीस, "ए प्रेम्या, तुन्ही चड्डी फाटेल व्हती तवापासून मी तुले वळखस," आणि सगळी भाऊकी हसली. मीही हसलो. पण मनात म्हटलं, जळगावचे लोक आले की हे असंच सुरू होईल. म्हणून तुला म्हणालो, "नाना, तू गेटवर थांब, गाड्या बघ." तू लगेच गेलास. पाऊस होता. छत्री द्यायचं माझ्या लक्षातही आलं नाही.

त्या चष्मेवाल्याला मी तू माझा भाऊ आहेस असं सांगितलं नव्हतं. किल्ली त्याने तू माझा भाऊ म्हणून दिली नाही. त्याने मला विचारलं, गेटवर कोण आहे. मी म्हणालो, इथलं बघतात, बंगल्याचं. ऐकू येत नाही, पण माणूस इमानी आहे.

मी हे मुद्दाम म्हणालो. चुकून नाही. आणि तुला ऐकू जाणार नाही, हे मला म्हणताना माहीत होतं.

तुझ्या प्रत्येक पत्रात तू मला त्या दिवसासाठी आशीर्वाद दिलास. मी ते वाचून ठेवले, परत केले नाहीत.

घर विकायचा विचार आहे. तिथे मी एक रात्र झोपलेलो नाही. जळगावच्या मंडळींना यंदा बोलावणार नाही, आणि मला बोलवायचं की नाही ते तू ठरव. रोट एकत्र ठेवायचा की वेगळा करायचा, तेही तू ठरव. वेगळा केलास तर भाऊकीत मी कारण सांगेन, तुला सांगावं लागणार नाही.

प्रेमराज

⁂

पिंपळनेर
२७ जुलै २०२५

प्रेमराज,

तुझं पत्र नेहमीसारखं मोठ्याने वाचत होतो. प्रमिला समोर गहू निवडत होती. "इमानी आहे" इथपर्यंत आलो आणि तिच्याकडे बघितलं. तिने मान वर केली नाही. पहिल्यांदा ऐकणारी बाई मान वर करते. मी विचारलं, "तुले माहीत व्हतं?" ती म्हणाली, "सूप धरा जरा."

बराच वेळ मी सूप धरून बसलो.

मला फार लागलं नाही, असं लिहिणार होतो. लागलं. पण तुझं लागलं ते एका जागी आहे, त्याला हात लावता येतो. दुसरं आहे त्याचं काय करू? वर्षभर मी ती किल्लीची गोष्ट सांगितली. ओट्यावर, गिरणीत, पुनमच्या माहेरी, दवाखान्याच्या बाकावर. ही प्रत्येक वेळी शेजारी होती. मान हलवायची. एकदा तर मी विसरलो तेव्हा हिनेच आठवण करून दिली, की निंबाची फांदी लागली नाही म्हणून. तुझ्या बोलण्याने मी नोकर झालो. त्याचं मला एवढं नाही, डेपोत आम्ही नोकरच होतो. पण हिच्यासमोर मी वर्षभर काय दिसत असेन?

शिंप्याकडून शर्ट आला. मी तो नको म्हणालो. तो म्हणाला, नाना, माप तुमचं आहे, दुसऱ्या कोणाला होणार नाही. घेऊन आलो.

तू पत्र लिहिलंस ते बरं केलंस की नाही, मला ठरवता येत नाही. तुझं मन हलकं झालं असेल. माझं झालं नाही. पण लिहिलं नसतंस तर मी यंदाही तिला त्या शेडमध्ये बसवलं असतं, हे खरं.

घर विकू नकोस. गनीने आणि मी मुरूम लागेपर्यंत पाया खणला आहे, तो काही तुझ्या त्या मंडळींसाठी नव्हता.

कानबाई इथेच बसणार. काल गहू घेतले. आमच्यात नावं मी घेतो, मूठ ती घेते. नातवाचं नाव घेतलं, पहिलं. मग बाकीचे. तुझ्या नावाची वेळ आली तेव्हा मी ते घेतलं नाही. पुढचं नाव घेतलं. ती मूठ भरून बसली, टोपलीत टाकेना. मी पुन्हा पुढचं नाव घेतलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मूठ तशीच. पुनम, पोरगं, सगळे थांबले. शेवटी मी तुझं नाव घेतलं. मग तिने मूठ सोडली. मोठी होती की लहान, ते मी बघितलं नाही.

तेव्हा ये. शनिवारीच ये, कामिनीला घेऊन. आल्या आल्या माझ्यासमोर येऊन बसू नकोस आणि पाया पडू नकोस. मागे जा, प्रमिला सांगेल ते काम कर. सरपण ओलं आहे, पाणी लांबून आणावं लागतं. मला वाटेल तेव्हा मी हाक मारीन.

धनसिंग